गिटारच्या पोटातल्या पट्ट्या तासून घेतल्या, त्याचा अनुभव

माझी गिटार कारखान्यातली, मध्यम किमतीची. वरची फळी सलग स्प्रूसची (देवदारासारखं हलकं लाकूड), पाठ आणि बाजू प्लायच्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीच्या बऱ्याच गिटारींची तऱ्हा हीच असते: बारीक तारा ठणठणीत वाजतात आणि खर्ज निघत नाही. मी लातूरला शाळेत संगीत शिकवतो. प्रार्थनेला शंभरेक पोरं गायला लागली की माझ्या जाड तारांचा नुसता टकटक आवाज उरायचा.

सल्ले पुष्कळ मिळाले. तारा बदला म्हणाले, बदलल्या. चार दिवस चकाकी आली आणि गेली. कुणी म्हणालं, रोजवूडची घ्या. पाठीच्या लाकडाचं एवढं कौतुक मला कधीच पटलं नाही. अमेरिकेतल्या मार्टिन या गिटार कंपनीनं १९६९च्या सुमारास ब्राझीलचं रोजवूड सोडून आपल्याकडच्या दक्षिणेतलं शिसवी घेतलं, तरी त्यांच्या गिटारी गिटारीच राहिल्या. आवाज मुख्यतः वरची फळी देते. ती जेमतेम तीन मिलिमीटरची, आणि ती किती हलणार हे खालून चिकटवलेल्या पट्ट्या ठरवतात.

म्हणून तारा सैल करून मोबाईल भोकातून आत घातला आणि फोटो काढले. इंग्रजी एक्ससारख्या दोन मोठ्या पट्ट्या, त्यांच्या खाली दोन तिरक्या, कडेला बारीकसारीक. सगळ्या सरळ, उंच, टोकापर्यंत जवळपास सारख्या जाडीच्या. गिटार वाजवणारे याला ब्रेसिंग म्हणतात. एक्सची ही रचना मार्टिननं १८४०च्या दशकात वापरायला सुरुवात केली, तेव्हा तारा आतड्याच्या असायच्या. आता पोलादी तारांचा साधा बारा नंबरचा संच (नंबर म्हणजे सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सुरात लावला की सत्तर किलोच्या वर ताण येतो.

पूर्वी या पट्ट्या मधे खोलगट तासायचे, त्याला स्कॅलप म्हणतात. फळी मोकळी हलते, खर्ज खुलतो. पण वाजवणारे जाड तारा चढवायला लागले, फळ्या फुगायला लागल्या, गॅरंटीत गिटारी परत यायला लागल्या. १९४४च्या अखेरीस मार्टिननं स्कॅलप बंदच केलं. गिब्सननं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काही मॉडेलांत एकाऐवजी दोन एक्स बसवले. गिटार दणकट झाली आणि आवाज गुदमरला, असं जुन्या गिटारींचे शौकीन आजही म्हणतात. मार्टिननं १९७६ला एचडी-२८ हे मॉडेल काढून स्कॅलप परत आणलं. यामाहानंही २०१६च्या एफजी ८०० मालिकेत स्कॅलप केलेल्या पट्ट्या घातल्या, म्हणजे स्वस्तातल्या वर्गातही ते आलं. माझी गिटार मात्र त्या मधल्या काळातल्या भित्र्या विचाराची. कारखान्याला ती कुणाच्या हाती पडेल, तो कोणत्या तारा लावील, कुठल्या हवेत ठेवील हे माहीत नसतं. मग कारखाना सर्वांत वाईट गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून लाकूड जास्त ठेवतो.

लातुरात गिटारचा कारागीर नाही मिळाला. तंतुवाद्याचं काम म्हटलं की लोक मिरजेचं नाव घेतात. (२०१६च्या दुष्काळात तर पाणीही मिरजेहूनच रेल्वेनं आलं होतं. तंबोरे आणि पाणी, दोन्हींसाठी आम्ही तिकडेच बघतो.) पण आमच्या शाळेच्या पेट्या दुरुस्त करणारे चाचा आहेत, हात हलका आहे. त्यांना फोटो दाखवले तर म्हणाले, "सर, ह्या तर माळवदाच्या तुळया झाल्या की. वर माती आहे कुठं? कशाला एवढ्या जाड?"

माती नाही, तारा आहेत, म्हटलं. मग हिशेब सांगितला. पट्टीचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाप्रमाणे बदलतो. उंची पाचव्या हिश्शानं कमी केली की ताठपणा जवळजवळ निम्मा होतो. काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही. चाचांना घन-बिन नको होता, "निम्मा" एवढंच पुरलं. त्यांनी कागदावर पट्ट्यांचा नकाशा काढून घेतला आणि कुठं हात लावायचा नाही तिथं मी लाल फुल्या मारल्या: जिथं एक्स एकमेकांना छेदतो ती जागा, ब्रिजच्या (तारा जिथं अडकवतात त्या लाकडी तुकड्याच्या) खालची फळी, आणि भोकाच्या वरची आडवी पट्टी. तो सगळा भार घेणारा भाग.

काम भोकातूनच करायचं, त्यामुळे हात कोपरापर्यंत आत आणि डोळे बाहेर. छोटा आरसा, बॅटरी, बोटभर लांबीचा रंधा, आणि शेवटी लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळलेला काचपेपर. आधी खालच्या दोन तिरक्या पट्ट्या, मग एक्सचे खालचे पाय. थोडं काढायचं, भुसा झटकायचा, ब्रिजजवळ बोटानं टकटक करून ऐकायचं. आधी टकटक बसकी आणि आखूड होती, हळूहळू ती खाली उतरली आणि लांबली. इथंच थांबायची अक्कल लागते. चाचा अजून काढायला तयार होते, मीच नको म्हटलं. ब्रिजवर तारा ज्यावर टेकतात तो सॅडल प्लॅस्टिकचा होता, तो मात्र हाडाचा घासून बसवून घेतला.

तारा चढवल्या तेव्हा फरक लगेच कळला. सर्वांत जाड तार पोटात घुमली. "आता बगा, मोकळा आवाज निघायलाय," चाचा म्हणाले. तोटाही झाला, तो सांगितला पाहिजे: जोरात छेडलं की पूर्वीचा कडकपणा नाही, आवाज थोडा पसरतो. एकेक सूर उचलून वाजवणाऱ्याला ते आवडणार नाही. मला गाण्यामागे वाजवायचं असतं, त्यामुळे चालतं.

कारखान्याची बाजू मला मे महिन्यात कळली. बाहेर पारा चाळिशीपार, हवा कोरडी ठणठणीत. लाकूड आक्रसतं, फळी खाली बसते, फ्रेटची (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बोटाला टोचतात. घरात कूलर चालू केला की तीच खोली दमट होते आणि फळी वर येते. पट्ट्या पातळ केल्यावर हे वरखाली होणं जास्त दिसतं. आता गिटार कूलरच्या खोलीत उघडी ठेवत नाही. गिटारच्या पेटीत आर्द्रता दाखवणारा छोटा काटा टाकला आहे, तो पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांच्या मधे ठेवायचा प्रयत्न असतो. तारा बारा नंबरच्याच. तेरा नंबर या गिटारीला लावायचे नाहीत.

हे ऐकून आठवीतला एक मुलगा त्याची गिटार घेऊन आला, माझीपण तासा म्हणाला. तिची वरची फळीही प्लायची होती. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, ती मुळातच कमी हलते. पट्ट्या तासून हाती फारसं काही लागलं नसतं, वर गिटार कमजोर झाली असती. त्याला हाडाचा सॅडल आणि नव्या तारा घालून दिल्या. पट्ट्यांना हात लावला नाही.