भाषा पत्त्यावरून ठरावी, अंदाजाने नव्हे
मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांतले संकेतस्थळ ड्रुपल या संकेतस्थळे उभारण्याच्या प्रणालीत उभे करताना माझा सर्वाधिक वेळ भाषा ओळखण्याच्या पद्धती ठरवणाऱ्या पानावर जातो, कारण पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते. यूआरएल (म्हणजे पानाचा पत्ता), सेशन (त्या भेटीपुरती लक्षात ठेवलेली निवड), वापरकर्त्याची पसंती, ब्राउझर अशा पद्धती तिथे एकाखाली एक मांडलेल्या असतात आणि जी वर ठेवावी तिचा कौल आधी घेतला जातो. ब्राउझरवरून भाषा ओळखण्याची पद्धत वरकरणी आकर्षक वाटते. परंतु मराठी वाचणाऱ्या अनेकांच्या फोनची भाषा इंग्रजीच असते, त्यामुळे ब्राउझर सर्व्हरला इंग्रजीचीच पसंती कळवतो आणि मराठी मजकूर तयार असूनही वाचकापुढे इंग्रजी पान येते. शिवाय गूगलचा क्रॉलर, म्हणजे शोधासाठी पाने वाचत फिरणारा प्रोग्राम, भाषेची कोणतीच पसंती न कळवता पान मागतो, म्हणजे एकाच पत्त्यावर दोन भाषा ठेवल्या तर त्यातली एक त्याला दिसतच नाही. म्हणून दोन्ही भाषांच्या पत्त्यांना भाषा दाखवणारे स्वतंत्र उपसर्ग द्यावेत, यूआरएलची पद्धत वर ठेवावी आणि ब्राउझरची सरळ बंद करावी.

भाषा बदलण्याच्या दुव्यावर झेंडे लावण्याची हौस टाळावी (मराठीसाठी कोणता झेंडा लावणार?). तो दुवा वाचकाला मुखपृष्ठावर न नेता त्याच लेखाच्या दुसऱ्या भाषेतील पानावर नेणारा असावा.

पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे ब्राउझर वाचतो त्या मूळ कोडमध्ये, मराठीचा ‘एमआर’ हा संकेत उमटतो की नाही, हे मात्र स्रोत उघडून पाहावेच. लिपी देवनागरीच आहे, तेव्हा हिंदीचा ‘एचआय’ चालून जाईल, असे समजणारे पुष्कळ भेटतात. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत आणि ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात, त्यातले मराठी वळण ब्राउझर या संकेतावरूनच उचलतो. अंकांचेही तसेच आहे: ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टने मराठी लोकेल (भाषेनुसार अंक, तारखा मांडण्याचे नियम) वापरून सव्वा लाख ही संख्या छापली, तर ती १,२५,००० अशी देवनागरीत उमटते, हिंदी लोकेलमध्ये तीच इंग्रजी अंकांत येते.

संपादकांना व्यवस्थापनाची पाने बहुधा इंग्रजीतच हवी असतात. त्यासाठी प्रत्येकाच्या खात्यात वेगळी भाषा नेमता येते. ती ओळखणारी पद्धत सुरू करून तेवढी यूआरएलच्याही वर ठेवावी, कारण ती व्यवस्थापनाच्या पानांपुरतीच लागू होते आणि वाचकाच्या पानांना धक्का लावत नाही.