लायटर पिस्तूल आणि चार कलमं

सत्र न्यायालयात आरोप निश्चितीपर्यंत आलेला हा खटला कागदावर अगदी सरळ दिसत होता. संध्याकाळी एक तरुण औषधांच्या दुकानात शिरला, गल्ल्यावरच्या माणसावर पिस्तूल रोखलं, ९,४०० रुपये घेतले आणि बाहेर मोटरसायकल चालू ठेवून थांबलेल्या साथीदाराकडे धावला. गस्तीवरच्या शिपायाने त्याची कॉलर धरली, तेव्हा तेच पिस्तूल त्याने शिपायाच्या छातीवर रोखलं. शिपाई दोन पावलं मागे सरला. तोवर लोक धावून आले आणि दोघेही सापडले. पिस्तूल रोखणारा २२ वर्षांचा, मोटरसायकलवरचा १७ वर्षांचा.

सरकारी वकील म्हणून फाइल माझ्याकडे आली, तेव्हा दोषारोपपत्रावर भारतीय न्याय संहितेची ३०९(४) (जबरी चोरी), ३११ (ती करताना प्राणघातक शस्त्राचा वापर) आणि ३(५) (समान उद्देश) ही कलमं होती. त्यांच्या जोडीला शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ३ सह २५. जप्ती पंचनाम्यात लिहिलं होतं: ‘एक लोखंडी, काळ्या रंगाचे पिस्तूल, चालू स्थितीत.’ लांबी, वजन, नळीचा व्यास यांतलं काहीच नाही. मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटोही नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. इथे ते झालंही होतं. पंचनाम्यासोबत ते शेवटपर्यंत कुणी पाहिलं नव्हतं, एवढंच. चित्रीकरणात तपास पथकातला एक जण पिस्तूल हातात फिरवतो, जमिनीकडे धरतो आणि घोडा दाबतो. नळीच्या तोंडातून ज्योत येते. मागून आवाज येतो, ‘लायटर आहे हा.’ पंचनाम्यातलं ‘चालू स्थितीत’ नेमकं कुठून आलं, ते तिथे कळलं. घोडा चालतो म्हणून पिस्तूल चालू.

असं लायटर पिस्तूल बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं. हातात जड लागतं, रंगही खऱ्यासारखा असतो. मुठीच्या तळाशी गॅस भरायची झडप असते. नळी आतून बंद असते. काडतूस बसायला जागा नसते आणि काडतुसावर आपटणारी पिनही नसते. जस्ताला लोहचुंबक चिकटत नाही, त्यामुळे पंचनाम्यातला ‘लोखंडी’ हा शब्द चुंबकाने दोन मिनिटांत तपासता आला असता. चुंबकाची चाचणी म्हणजे निकाल नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं. खऱ्या पिस्तुलाची मूठ आणि सांगाडा प्लास्टिकचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असू शकतो. चुंबक लावायचा तो नळीला. घोडा दाबून पाहणं तर कधीच करू नये. वस्तू खरी असेल तर जीव जाऊ शकतो, आणि बनावट असेल तर पुराव्याला हात लागतो. आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढायचं, मग चेंबर, म्हणजे नळीमागची काडतुसाची जागा, पाहायचं. काही उघडत नसेल तर जोर न लावता तसंच मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवायचं.

कायदा ‘हे खेळणं आहे की खरं?’ असा एकच प्रश्न विचारत नाही. प्रत्येक कलमाचा प्रश्न वेगळा असतो, आणि त्याच वस्तूचं उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं येतं. पोलिसांचा आणि न्यायाधीशांचा विवेक खऱ्या अर्थाने लागतो तो इथे.

कलम ३ सह २५ विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याचं आहे. शस्त्र अधिनियमातली ‘अग्निशस्त्रा’ची व्याख्या फार रुंद आहे: स्फोटकाने किंवा अन्य कोणत्याही ऊर्जेने प्रक्षेप, म्हणजे गोळी किंवा छर्रा असं काही, सोडण्यासाठी बनवलेलं शस्त्र. म्हणजे स्प्रिंग आणि दाबाखालची हवाही त्यात येते. पण ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतूनच एक गट बाहेर ठेवला आहे: जे खेळण्याखेरीज कशालाच वापरता येत नाही आणि ज्याचं चालू शस्त्रात रूपांतरही होऊ शकत नाही, ते. ही दुसरी अट तपासात नेहमी सुटते. एअरगनसाठी २०१६ च्या शस्त्र नियमांत २० ज्यूल ऊर्जा आणि ४.५ मिलिमीटर व्यास या मर्यादा आहेत. प्लास्टिकच्या गोळ्या मारणारं स्प्रिंगचं खेळणं बहुतेकदा ६ मिलिमीटरचं असतं. तिथे फक्त कॅलिपरने व्यास मोजून थांबलं, तर मुलाच्या हातातलं खेळणं परवान्याच्या कक्षेत ढकललं जाईल. ऊर्जा, वापर आणि रूपांतराची शक्यता या तिन्हींवर तज्ज्ञाचं मत लागतं.

आमच्या प्रकरणात प्रयोगशाळेला गेलेल्या पत्रात प्रश्न एकच होता: ‘सदर पिस्तूल चालू स्थितीत आहे काय?’ या प्रश्नाला लायटरबाबत ‘होय’ असं उत्तरही येऊ शकतं. त्यामुळे पुरवणी पत्र पाठवायला सांगितलं. त्यात स्पष्ट विचारलं: ही वस्तू प्रक्षेप सोडण्यासाठी बनवलेली आहे का, नळी, चेंबर आणि पिन आहे का, आहे त्या अवस्थेत तिच्यातून काही सुटू शकतं का, तिचं चालू शस्त्रात रूपांतर करता येईल का, वजन आणि लांबी किती, आणि सामान्य माणसाला काही अंतरावरून ती खरी वाटेल का. शेवटचा प्रश्न खरं तर साक्षीदारांचा आणि न्यायालयाच्या डोळ्यांचा आहे. तरी मापं आणि फोटो अहवालात आले की त्याचा आधार मिळतो. अहवाल आला: अग्निशस्त्र नाही, रूपांतरास अयोग्य.

कलम ३ खालच्या खटल्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, ती कलम ३९ नुसार. मंजुरीचा प्रस्ताव प्रयोगशाळेच्या अहवालाआधीच गेला होता आणि त्यात ‘पिस्तूल’ एवढाच शब्द होता. मंजुरी देणाऱ्याने विचारपूर्वक निर्णय घ्यावा अशी अपेक्षा असेल, तर विचार करण्याजोगा कागद त्याच्यासमोर ठेवायला हवा. तो प्रस्ताव मागे घ्यायला लावला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्रासाठी कलम २५(१ब) मध्ये किमान शिक्षा दोन वर्षं आहे. त्याहून कमी शिक्षा द्यायची तर न्यायाधीशाला विशेष कारणं लिहावी लागतात. एवढं वजन असलेलं कलम सवयीने लावायचं नसतं.

आता ३११. दरोड्यात किंवा जबरी चोरीत ‘प्राणघातक शस्त्र’ वापरलं तर किमान सात वर्षं, आणि खटला सत्र न्यायालयात. फूल कुमार प्रकरणात १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेतल्या कलम ३९७ बद्दल, म्हणजे ३११ च्या जुन्या रूपाबद्दल, म्हटलं, की शस्त्र उघडपणे दाखवून दहशत बसवणं म्हणजेच ‘वापर’. तपास अधिकारी याच निकालावर बोट ठेवत होते. पण तो निकाल ‘वापर’ या शब्दाचा आहे. शस्त्र ‘प्राणघातक’ होतं का, हा प्रश्न वेगळा राहतो. दुकानदाराला वाटलेली भीती शंभर टक्के खरी होती, आणि तिचा हिशेब जबरी चोरीच्या व्याख्येत झालेलाच आहे: तात्काळ मृत्यूची किंवा दुखापतीची भीती घातल्याशिवाय ही चोरी ‘जबरी’ होतच नाही. सात वर्षांची किमान शिक्षा त्यावरच्या प्रत्यक्ष धोक्यासाठी आहे. जड धातूच्या बनावट पिस्तुलाने कुणाच्या डोक्यात घाव घातला असता, तर वेगळा विचार करावा लागला असता. इथे त्याने ते फक्त रोखलं होतं.

इंग्लंडच्या कायद्याने वेगळी वाट धरली. तिथे १९६८ च्या कायद्यानुसार ‘अग्निशस्त्रासारखी दिसणारी कोणतीही वस्तू’ बनावट शस्त्र ठरते, आणि अनेक गुन्ह्यांत तिला खऱ्याच्या बरोबरीने मोजलं जातं. तिथेही हद्द आखावी लागलीच: जॅकेटच्या आत बोटं ताणून बंदूक असल्याचं भासवणाऱ्या माणसाकडे बनावट शस्त्र ‘होतं’ असं म्हणता येत नाही, असं हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, २००५ मध्ये ठरवलं. आपल्या संसदेलाही बनावट शस्त्र कायद्यात घेता येत होतं, आणि जिथे हवं तिथे तिने ते घेतलंच.

ते ठिकाण म्हणजे शस्त्र अधिनियमाचं कलम २८, आणि दोषारोपपत्रात नेमकं तेच नव्हतं. कायदेशीर अटक टाळण्यासाठी अग्निशस्त्राचा किंवा ‘बनावट अग्निशस्त्राचा’ कोणताही उपयोग केला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. बनावटची व्याख्या कलम ६ च्या स्पष्टीकरणात आहे: दिसायला अग्निशस्त्र, मग त्यातून गोळी सुटो वा न सुटो. हे कलम वस्तूची क्षमता विचारत नाही, दिसणं विचारतं. शिपायाच्या जबाबातलं एकच वाक्य त्यासाठी पुरेसं होतं. त्यासाठी कलम ३९ ची मंजुरीही लागत नाही, कारण ती फक्त कलम ३ पुरती आहे.

त्या शिपायाबद्दल मला आदर आहे. पिस्तूल छातीवर असताना चुंबक लावता येत नाही. अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला नारिंगी खूण लावायचा संघीय नियम १९८८ च्या कायद्यापासून आहे. तरी २०१४ मध्ये क्लीव्हलंडमध्ये १२ वर्षांच्या मुलाला पोलिसांची गाडी थांबल्यावर दोनेक सेकंदांत गोळी लागली. त्याच्या हातातल्या खेळण्याची खूण निघालेली होती. रंगावर विसंबता येत नाही, म्हणून त्या क्षणी वस्तू खरी मानणं पोलिसासाठी योग्यच आहे. आरोपी ताब्यात आल्यावर मात्र तो क्षण संपलेला असतो. तेव्हाची समजूत पंचनाम्यात, रिमांड अर्जात आणि जामिनाच्या विरोधात तशीच पुढे नेली, की एका खोट्या शब्दावर माणूस आत राहतो. इथे २२ वर्षांच्या मुलाचा जामीन ‘अग्निशस्त्र जप्त’ या कारणाने आधी फेटाळला गेला होता. चित्रीकरणाची प्रत बचाव पक्षाला दिली आणि पुढच्या अर्जाला त्या मुद्द्यावर विरोध केला नाही. जामीन झाला.

मला सर्वांत जास्त काळजी १७ वर्षांच्या मुलाची होती. बाल न्याय अधिनियमात किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त असलेला गुन्हा सर्वांत वरच्या गटात जातो. मूल १६ वर्षांवरचं असेल तर कलम १५ खाली प्राथमिक मूल्यमापन होतं आणि प्रौढासारखा खटला चालवण्याचं दार उघडतं. फक्त ३११ मुळे हा मुलगा त्या दारात उभा होता. ज्याच्या हातात शस्त्र आहे त्यालाच हे कलम लागतं, समान उद्देशाच्या जोडकलमाने साथीदाराला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. त्याच्या हातात तर हँडल होतं. जबरी चोरीला कमाल दहा वर्षं आहेत, किमान नाही. असा गुन्हा त्याखालच्या ‘गंभीर’ गटातच राहतो, हे शिल्पा मित्तल प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट झालं आणि नंतर कायद्यातच लिहिलं गेलं.

आरोप निश्चितीला मी अहवाल, चित्रीकरण आणि शिपायाचा जबाब एकत्र ठेवला आणि ३११ व ३ सह २५ साठी पुरावा नाही, असं लेखी सांगितलं. तपास अधिकाऱ्यांना ते आवडलं नाही. न्यायाधीशांनी ही दोन्ही कलमं वगळली, ३०९(४) आणि कलम २८ चे आरोप ठेवले आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५१ नुसार खटला मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे वर्ग केला. तिथे दोन्ही आरोप सिद्ध झाले. दुकानदार आणि शिपाई दोघांनीही साक्षीत सांगितलं, की वस्तू खरीच वाटली होती, आणि कलम २८ साठी तेच हवं होतं. शिक्षा सुनावताना आधी भोगलेली कोठडी वजा झाली. आदेशाची आणि अहवालाची प्रमाणित प्रत बाल न्याय मंडळाकडे गेली, आणि मुलाचं प्रकरण प्राथमिक मूल्यमापनाशिवाय मंडळासमोरच चाललं.