भिंतीआधीचं पाणी

डर्वेंट धरण भरून वाहत असताना त्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की आवाजाआधी रंग लक्षात येतो. भिंतीवरून फेसाळत उतरणारं पाणी खाली साचलं की कोऱ्या चहासारखं दिसतं. गढूळ म्हणावं, तर ओंजळीत घेतल्यावर स्वच्छ. हा रंग कुठून येतो ते बघायचं असेल तर सकाळी लवकर निघून वरच्या मूरवर जावं लागतं. मूर म्हणजे हेदरच्या झुडपांनी झाकलेला, झाडं नसलेला, भणाण माळ.

इंग्लंडमध्ये शेफील्डच्या पश्चिमेला, पीक डिस्ट्रिक्टमधली ही फेरी फेअरहोम्सच्या वाहनतळापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. सुमारे 16 किलोमीटर चाल आणि सगळा मिळून 400 मीटरच्या आसपास चढ. राजगड चढलेल्या माणसाला हे किरकोळ वाटेल. नेस्मिथचा जुना हिशेब (5 किलोमीटरला एक तास, 600 मीटर चढाला आणखी एक) लावला तर चार तासांत आटोपायला हवी. प्रत्यक्षात साडेपाच-सहा धरावेत. त्या हिशेबात चिखल नसतो, समोरचा वाराही नसतो. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा नऊनंतर निघणं म्हणजे परतीला बॅटरी लावून चालणं.

फेरी घड्याळाच्या उलट दिशेने करावी. इथला वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा. आधी दक्षिणेला जाऊन मग कड्याच्या माथ्याने उत्तरेकडे चाललं की तो साधारण पाठीवर राहतो. अवघड चढ ताज्या पायांनी होतो आणि शेवटी थकल्यावर तलावाकाठचा सपाट रस्ता मिळतो.

सुरुवातीला लेडीबोवर जलाशयाचा पूर्वकाठ लागतो. याच पाण्याखाली डर्वेंट गाव आहे. 1943 मध्ये बांध पुरा झाला, तलाव भरायला 1945 उजाडलं. चर्चचा मनोरा मुद्दाम उभा ठेवला होता, पण लोक पोहत त्याच्याकडे जाऊ लागले, म्हणून 1947 मध्ये सुरुंग लावून पाडला. 2018 आणि 2022 च्या कोरड्या उन्हाळ्यांत गावातल्या भिंतींचे दगड पुन्हा उघडे पडले आणि बघ्यांची रीघ लागली. उजनीचं पाणी ओसरल्यावर पळसदेवचं देऊळ बघायला जाणाऱ्यांना ही गर्दी ओळखीची वाटेल.

ग्रिंडल बार्नपासून वाट डावीकडे चढते. दगडी कोठारं मागे पडली की ब्रॅकन नेचे लागतात. उन्हाळ्यात इथे गोचिडी असतात, पँट मोज्यांत खोचावी. अर्ध्या-पाऊण तासात माथा. मग एकामागून एक खडक येतात: व्हील स्टोन्स, सॉल्ट सेलर, केक्स ऑफ ब्रेड. चाकं, मीठदाणी, पाव. वाऱ्या-पावसाने आणि गोठणाऱ्या पाण्याने कोरलेल्या या वालुकाश्माला नावं देणारे भुकेलेच असणार. बॅक टॉर 538 मीटरवर, फेरीतला सगळ्यांत उंच बिंदू. डबा त्याच्या आडोशाला उघडावा, वर नाही.

इथली काळी माती म्हणजे पीट. स्फॅग्नम शेवाळ पाण्यात पूर्ण कुजत नाही, थरावर थर साचतो, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. या थराच्या वजनातलं नव्वद टक्के पाणीच. म्हणजे खालच्या तीन तलावांच्या आधी हा चौथा, न बांधलेला. त्याला स्पंज म्हणायची पद्धत आहे, ती फसवी आहे. आधीच भिजलेला टॉवेल आणखी किती पाणी टिपणार? निरोगी मूरचं खरं काम म्हणजे पाण्याला अडखळायला लावणं. शेवाळाच्या गाद्यांतून ते रमतगमत उतरतं आणि जाताना पीटचा रंग घेतं. गिरण्यांच्या धुराने शेवाळ मेलं, आगींनी माती उघडी पडली, तिथे मात्र घळी पडल्या. त्यांतून पीट वाहून तलावात बसतो, तेवढी साठवणीची जागा कमी होते.

पायांनी माती अशी उघडी पडू नये, वाटेवरच्या फरश्या त्यासाठीच. या डोंगरांत वापरलेल्या बऱ्याचशा फरश्या पाडलेल्या कापडगिरण्यांच्या आहेत. ज्यांच्या धुराने मूर जाळला, त्यांच्याच जमिनीवर आता ट्रेकरांचे बूट. फरशीवर पाय कोरडे राहतात, पण दव गोठलं की ती काचेसारखी होते. तेव्हा शेजारून चालायचा मोह आवरून पावलं लहान टाकावीत. फरशी नसेल तिथे पोपटी, चकचकीत हिरवळीवर पाय देऊ नये. तो रंग स्फॅग्नमचा, खाली पाणी असतं. तपकिरी हेदर पाय धरून ठेवतो.

धुक्यात बॅक टॉरवरून लॉस्ट लॅड या पुढच्या टेकडीची वाट चुकली तर नुसता माळ आणि ग्राऊज पक्ष्यांची ‘गो-बॅक, गो-बॅक’ अशी ओरड. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल 1 नकाशा आणि होकायंत्र सोबत हवंच. फोनची बॅटरी थंडीत लवकर मान टाकते.

लॉस्ट लॅडवरून पश्चिमेला उतरलं की डर्वेंट जलाशय. उत्तरेला हाउडन या तिसऱ्या तलावाची भिंत, 1912 ची. डर्वेंटची 1916 ची. दोन्ही घडीव दगडाच्या, सुमारे 35 मीटर उंच, बुरुजांसकट. जर्मनीतल्या धरणांसारख्या त्या बुरुजांमुळेच 1943 च्या वसंतात, तिथल्या हल्ल्याआधी, ब्रिटिश हवाई दलाच्या 617 स्क्वाड्रनची लँकेस्टर बॉम्बर विमानं इथे पाण्याला लागून उडायचा सराव करत होती. समोरच्या काठावर बर्चिनली होतं, बांधकामावरच्या मजुरांचं पत्र्याचं गाव, शाळा-दवाखान्यासकट. काम संपलं, गाव उचललं. त्यातली एक पत्र्याची इमारत अजून होप गावात उभी आहे.

शेवटचा टप्पा भिंतीच्या टोकाशी येतो आणि पायऱ्यांनी खाली उतरतो. धरण सांडत असेल तर तुषार रस्त्यापर्यंत येतात. चष्मा पुसायला कोरडं फडकं वरच्या खिशात ठेवावं, बॅगेच्या तळाशी नाही.