रेकॉर्ड दुकानापर्यंत कशी पोचली

शुक्रवार, रात्री उशिरा

पीएचडीच्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा खर्डा आज गाइडकडून परत आला. समासात जागोजागी एकच प्रश्न: 'हे कोण म्हणतं?'

वर्तमानपत्रात संगीत समीक्षा लिहायचे तेव्हा असं कुणी विचारत नसे. कॉन्सर्ट संपली की रात्रीच्या रात्री मजकूर द्यायचा, आणि वाचकाला हवं असायचं ते माझंच मत. बँड 'अस्सल' आहे असं मी लिहिलं की विषय संपला. इथं तो तिथून सुरू होतो. अस्सल कुणाच्या लेखी? ते ठरवतं कोण? समाजशास्त्रज्ञ सारा थॉर्नटन यांनी १९९५ मध्ये डान्स क्लबांच्या संस्कृतीबद्दल लिहिताना दाखवलं की आधी भूमिगत चळवळ आणि मग माध्यमं, असा क्रम नसतो. मासिकं, फॅनझिन (चाहत्यांनीच काढलेली छोटी मासिकं), पत्रकं मिळून ती चळवळ घडवत असतात. म्हणजे इतकी वर्षं जिच्याबद्दल लिहीत होते, तिचा मी एक भाग होते. हे वाचलं आणि पीएचडीची खरी ओढ लागली.

सध्या डोक्यात एकच काळ आहे: ब्रिटन, १९७७ पासूनची काही वर्षं. बझकॉक्स या पंक बँडनं १९७७ मध्ये उसन्या पाचशे पौंडांत 'स्पायरल स्क्रॅच' ही रेकॉर्ड स्वतःच काढली, पहिली खेप हजार प्रतींची. कव्हरवर कुठलं गाणं कितव्या टेकमध्ये, म्हणजे कितव्या प्रयत्नात, झालं तेही छापलं. पुढच्याच वर्षी स्क्रिटी पोलिटी या बँडनं पहिल्या सिंगलच्या कव्हरवर रेकॉर्ड काढायचा खर्च छापला, म्हणजे वाचणाऱ्यालाही ते जमावं. समीक्षेत मी या रेकॉर्डींच्या गिटारबद्दल लिहिलं असतं. आता मला ते कव्हर गिटारइतकंच बोलकं वाटतं.

पण रेकॉर्ड छापून भागत नाही, ती दुकानात पोचावी लागते. जानेवारी १९८० मध्ये ब्रिटनमध्ये इंडी चार्ट (स्वतंत्र रेकॉर्डींच्या खपाची यादी) सुरू झाला तेव्हा त्याची अट संगीताच्या बाजाशी निगडित नव्हतीच. रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या वितरणातून आलेली नसावी, एवढंच. म्हणून तर १९८८ मध्ये कायली मिनोगसारखी निखळ पॉप गायिका त्याच यादीत अव्वल आली. या हकिकतीवर लोक हसतात, मला ती फार महत्त्वाची वाटते: 'इंडी' काय ते वितरणावरून ठरत होतं. व्हॅन भरणारे, उधारी सांभाळणारे, प्रांतोप्रांतीचे छोटे वितरक एकत्र आले आणि त्यांनी 'कार्टेल' उभं केलं. १९९१ मध्ये त्यातल्याच रफ ट्रेड या कंपनीचं वितरण कोसळलं तेव्हा कित्येक लेबलांचे, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपन्यांचे, पैसे अडकले. त्या संगीताचा इतिहास गायकांइतकाच या माणसांचा आहे, आणि रिव्ह्यूमध्ये त्यांच्यासाठी एक ओळही नसायची.

माझ्याकडच्या जुन्या टेपांमध्ये अशी माणसं आहेत. मुलाखत गायकाची, मधेच लेबल चालवणारा काहीतरी सांगतो, ते मी तेव्हा कापलेलं. आज तेच सोनं आहे. मात्र ते सरळ उचलून वापरता येत नाही. त्यांनी पत्रकाराशी बोलायला होकार दिला होता, संशोधकाशी नाही. एथिक्स कमिटीचा फॉर्म काहींना कटकट वाटतो. मला तो पटतो: बातमी शिळी होते, प्रबंध ग्रंथालयात राहतो.

मतं सोडून द्यायची का, याचा आज दिवसभर विचार केला. सायमन फ्रिथ समाजशास्त्राचे प्राध्यापक आणि रॉक समीक्षक एकाच वेळी होते; १९९२ पासून मर्क्युरी प्राइझ या ब्रिटनमधल्या अल्बमसाठीच्या पुरस्काराच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्षही. चांगलं-वाईट ठरवणं हा ऐकण्याचाच भाग आहे आणि त्याचा गंभीर अभ्यास व्हायला हवा, हे त्यांनी ठामपणे मांडलं. मला ते मनापासून मान्य आहे. गाणं आवडल्याशिवाय त्याच्या मागे इतकं कोण लागेल?

खर्ड्यातला 'अस्सल' ठेवतेय, पण अवतरणात, आणि तो पहिल्यांदा कुणी वापरला त्याचा संदर्भ जोडून. सोमवारी टेपांमधल्या वितरकांना संमतीसाठी पत्रं पाठवायची आहेत. एकाचा पत्ता अजून शोधायचाय.