अल्माटीत उइघुर ऐकायला गेलो, सोबत घरची गुजराती

बायको भुलेश्वरची गुजराती, त्यामुळे जगात कुठंही गेलो तरी गुजराती कानावर पडणार हे आता गृहीतच धरलंय. वेम्बली, लेस्टर, नैरोबी, न्यू जर्सीचं एडिसन, सगळीकडे तेच. आपल्या नवापूर स्टेशनात तर प्लॅटफॉर्मच अर्धा महाराष्ट्रात अन् अर्धा गुजरातेत. म्हणलं एकदा अशी भाषा ऐकू जी बोटीनं कुठं गेलीच नाही.

उइघुर बोलणारे एक कोटीच्या वर, पण जवळपास सगळे चीनच्या शिनजियांग प्रांतात, वाळवंटाच्या कडेनं काशगर, खोतान अशा गावांतून. बाहेर सगळ्यात मोठी वस्ती कझाकस्तानात, तीन लाखांच्या आसपास. 1881 नंतर इली खोऱ्यातून आलेले, मग 1960 च्या आसपास अजून आले, म्हणजे सरहद्द ओलांडली की लगेच थांबले. गुजराती माणूस पार आफ्रिकेत जाऊन दुकान टाकतो, तिथून इदी अमीननं 1972 ला हाकललं की इंग्लंडात टाकतो, तसला प्रकार इथं नाही.

आम्ही कझाकस्तानातल्या अल्माटी शहरात गेलो, 14 दिवसांपर्यंत आपल्याला व्हिसा लागत नाही अन् घड्याळ फक्त अर्धा तास मागं. उइघुर ऐकायची तर सुलतान-कोरगान भागात जा, ग्रीन बाजारात पण कानावर पडते पण तिथं रशियन-कझाकची खिचडी जास्त. माझी फजिती सांगतो, फोनवर उइघुर भाषांतर काढून नानवाल्या आजोबांसमोर धरलं, त्यांनी चष्मा वरखाली केला अन् मान हलवली. फोन अरबी लिपी दाखवतो, ती शिनजियांगची, इकडची सगळी पिढी सिरिलिक, म्हणजे रशियनची लिपी, शिकलेली. त्यामुळे रशियन ऑफलाइन डाउनलोड करून न्या, ती सगळ्यांना कळते.

व्याकरण कुळानं तुर्की, त्यामुळे वाक्य एक कळेल तर शपथ! पण शब्द ओळखीचे निघतात. बाजार, किताब, दोस्त, आणि हवा म्हणजे तिकडे वेदर, अगदी आपण 'आज हवा छान आहे' म्हणतो तसं. इथल्या उइघुर पेपरचं नाव 'उइघुर आवाझी', ते कळल्यावर बायको म्हणाली, अरे आ तो आपणोज अवाज छे. फारसीनं दोन्हीकडे वाटलेला माल, दुसरं काय.

शाकाहारी असाल तर ठेपले भरपूर न्या. लगमन म्हणजे हातानं ओढलेल्या नूडल्स, एक नंबर दिसतात, पण रस्सा मटणाचा नाहीतर बीफचा, 'मांस नको' सांगितलं तर वरचे तुकडे काढून तोच रस्सा वाढतात. सामसा पण बहुतेक मांसाचाच, समोसा समजून तोंडात टाकू नका. भोपळ्याचा मिळतो कधीकधी, विचारा.

दिवस हातात असेल तर चुंजाला जा, उइघुर जिल्ह्याचं मुख्य गाव, अडीचशे किमीच्या आसपास, वाटेत चारिन कॅन्यन लागतो. शेअर टॅक्सीचे पैसे बसायच्या आधीच ठरवा, थोडे टेंगे, म्हणजे तिथलं चलन, रोख ठेवा. तिथं गरम पाण्याचे झरे आहेत, टॉवेल अन् सपाता घरच्या न्या.