शनीची शमी, मंगळाचा खैर

कोकणात ग्रहमखाची, म्हणजे नवग्रहांच्या होमाची, तयारी अडते ती शनीपाशी. वास्तुशांत असो की साठीशांत, समिधा ठरलेल्या: सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा, केतूला दर्भ. यातलं बरंचसं परड्यात नाहीतर गावच्या रानात मिळतं. शमी मात्र घाटावरच्या कोरड्या रानातली. इथल्या पावसात ती आपसूक उगवत नाही, कुणी हौसेने लावली असेल तरच.

मग शमी म्हणून खैराच्या फांद्या येतात. दोघांची पानं बारीक, दोघांना काटे. फांदी हातात घेऊन बघा. खैराचे काटे पानाच्या देठाशी जोडीने येतात आणि आकड्यासारखे वाकलेले असतात. शमीचे सरळ, बुडाशी रुंद, फांदीवर विखुरलेले. पान मोजलंत तर शंकाच उरत नाही: मधल्या देठावर खैराला पिसांच्या (बारीक पानं धरणाऱ्या पिसासारख्या फाट्यांच्या) दहाहून जास्त जोड्या, शमीला बहुधा दोन, फार तर तीन. न बघता घेतलं तर मंगळाची समिधा शनीच्या नावाने अग्नीत जाते, आणि हे मला अजिबात पटत नाही. शमी नाहीच मिळाली तर गुरुजींना आधी विचारून पळस घ्या.

समिधा टीचभर लांब, अंगठ्याहून बारीक, सालीसकट. चिरलेली, किडलेली नको. प्रत्येक ग्रहाला 28 आहुती असतील तर सात झाडांच्या मिळून 196 काड्या लागतात. तुटतात, म्हणून दरेकी चार-पाच जास्त ठेवा. राहूच्या एका आहुतीला तीन दूर्वा धरल्या तर 84 होतात. त्या त्याच दिवशी सकाळी खुडा.

रुई, पिंपळ, उंबर चिकाची झाडं. आदल्या दिवशी तोडलेली काडी कुंडात नुसती चरचरते, धूर करते, तूप वाया जातं. आठ-दहा दिवस आधी तोडून पडवीत सावलीला पसरा. पावसाळ्यात चुलीवरच्या माळ्यावर. रुईचा चीक डोळ्यांना फार वाईट, कोयता खाली ठेवला की आधी हात धुवा. आघाडा पावसात बांधाबांधावर माजतो, पण वैशाखातल्या वास्तुशांतीला शोधूनही सापडत नाही. तो दिवाळीच्या सुमाराला कापून, वाळवून, जुडी बांधून ठेवायचा.