ज्याने एवढे सोसले, त्याच्या पुस्तकाला नावे कशी ठेवता?

अलीकडे वाचलेल्या पुस्तकांविषयी बोलणे निघाले की एक प्रश्न मला हटकून विचारला जातो: कादंबरीचे ठीक आहे, ती रचलेलीच असते, पण ज्याने स्वतःचे भोग लिहून काढले, त्याच्या पुस्तकात उणे काढताना तुम्हाला काहीच कसे वाटत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

वाटते, पण ते त्या माणसाविषयी. सोसणे वाट्याला येते, लिहिणे मात्र निवडलेले असते आणि त्या निवडीविषयी बोलण्याचा वाचकाला अधिकार आहे. आत्मकथन वाचताना मी मुख्यतः एवढेच पाहते की लिहिणाऱ्याने आपल्या आयुष्यातल्या इतरांना माणूस म्हणून जागा दिली आहे, की आपली बाजू मांडण्यापुरते साक्षीला बोलावले आहे.

या कसोटीवर टॅरा वेस्टओव्हर यांचे ‘एज्युकेटेड’ (2018) मला फार मोठे वाटते. आयडाहोच्या डोंगरात, शाळा आणि दवाखाना या दोहोंना वर्ज्य मानणाऱ्या बापाच्या घरी वाढलेली मुलगी सतराव्या वर्षी पहिल्यांदा वर्गात बसते आणि पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवते, ही हकीकत कोणालाही थक्क करील. मला मात्र थांबवले ते एका तळटीपेने. भावाच्या पँटवर सांडलेल्या पेट्रोलने पेट घेतला आणि त्याचा पाय भाजला, तो प्रसंग वेस्टओव्हर आपल्या आठवणीप्रमाणे सांगतात आणि मग खाली नोंदवतात की खुद्द त्या भावाला वेगळेच आठवते: वडिलांनी आपल्याला घरी आणले, थंड पाण्याच्या टबात बसवले आणि मगच ते आग विझवायला गेले. भाजलेल्या मुलाला एकटे सोडणारा बाप आणि त्याला घरापर्यंत आणणारा बाप ही दोन निरनिराळी माणसे आहेत. बापाविरुद्धचा आरोप भक्कम करण्याची संधी हातात असताना लेखिकेने तो सैल केला, याबद्दल मला तिच्याविषयी नितांत आदर वाटतो.

सलमान रश्दी यांच्या ‘नाइफ’ (2024) विषयी माझे मत दुभंगलेले आहे. 12 ऑगस्ट 2022 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या शटॉक्वा येथे व्यासपीठावर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला आणि त्यांचा उजवा डोळा गेला. हल्लेखोर धावत येताना दिसत असूनही आपण जागचे हललो का नाही, हा प्रश्न ते स्वतःला ज्या निर्भयपणे विचारतात, आणि निकामी झालेल्या हाताची बोटे पुन्हा वळवायला शिकण्याचे जे चिकाटीचे वर्णन करतात, ती पाने मी पुन्हा वाचली आहेत. परंतु हल्लेखोराशी केलेल्या काल्पनिक संवादाचे प्रकरण मला पटले नाही. त्यात प्रश्न त्यांचे आणि उत्तरेही त्यांचीच आहेत. समोरचा तरुण रश्दींच्या युक्तिवादाला सोयीचे होईल तेवढेच बोलतो. ज्याच्या अंगावर चाकूचे वार झाले त्याने हल्लेखोराच्या मनात शिरायला नकार दिला असता तर कोणी बोट ठेवले नसते. पण एकदा शिरायचे ठरवल्यावर इतक्या थोर कादंबरीकाराकडून मी अधिकाची अपेक्षा करणारच.

अरुंधती रॉय यांच्या ‘मदर मेरी कम्स टू मी’ (2025) मध्ये, वारसाहक्काचा लढा सर्वोच्च न्यायालयात जिंकणारी आणि घरात पोटच्या मुलांना धाकाने गारठवणारी आई एकाच पानावर उभी राहते, हे त्या पुस्तकाचे बळ आहे. मधल्या भागात लेखिकेचे सार्वजनिक आयुष्य पुढे येते, आई मागे पडते आणि लेखनाचा ताणही ओसरतो.

कादंबरीला मी निराळा नियम लावत नाही. 2024 चे बुकर मिळालेली समांथा हार्वी यांची ‘ऑर्बिटल’ एका दिवसात पृथ्वीभोवती 16 प्रदक्षिणा घालणाऱ्या सहा अंतराळवीरांची आहे. तिची वाक्ये विलक्षण देखणी आहेत, परंतु ते सहा जण मला अखेरपर्यंत एकमेकांपासून वेगळे ओळखू आले नाहीत.

याउलट क्लेअर कीगन यांची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ (2021) ही जेमतेम शंभरेक पानांची कादंबरी मी भेटेल त्याला वाचायला सांगते. 1985 च्या नाताळाच्या तोंडावर आयर्लंडमधल्या एका गावात बिल फर्लाँग नावाच्या कोळसा विक्रेत्याला मठाच्या कोळशाच्या कोठारात कोंडलेली मुलगी सापडते. मठांच्या आश्रयाने चाललेली, स्त्रियांना राबवून घेणारी धोबीघरे तिथे खरोखरच होती. शेवटचे 1996 मध्ये बंद झाले. फर्लाँगची बायको आयलीन त्याला बजावते की आपण यात पडू नये. दुसऱ्या एखाद्या लेखकाने तिला हलक्या मनाची ठरवून मोकळे केले असते. कीगन तिला पाच मुलींची आई म्हणून पाहतात. गावातली मुलींची एकमेव चांगली शाळा त्या मठाला लागून आहे, आणि जोगिणींची मर्जी गेली तर तिथली दारे कोणासाठी बंद होतील हे आयलीनला नेमके ठाऊक आहे. त्यामुळे फर्लाँग अखेरीस जे करतो त्याची किंमत त्याच्या मुलींनाही मोजावी लागणार, हे वाचकाला स्वच्छ दिसते, आणि लेखिका ते त्याच्यापासून लपवत नाही.